काठमांडूचा शिलेखाना

नेपाळची यात्रा म्हटली कीं आपल्या मनांत प्रथम पशुपतिनाथ उभा राहतो, आणि तें योग्यच आहे. बागमतीचें स्नान, देवदर्शन, गुह्येश्वरी, स्वयंभूचा स्तूप इतकें झालें म्हणजे यात्रेकरू परतीची वाट धरतो. या क्रमांत आणखी एका स्थळाची भर घालावी, अशी वाचकांस विनंति आहे. स्वयंभूच्या टेकडीपासून जवळच छाउनी नांवाचा भाग असून तेथें नेपाळचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. ही वास्तु भीमसेन थापा यांच्या काळची. पुढें तेथें शस्त्रसंग्रह झाला, म्हणून तिचें जुनें नांव ‘छाउनी सिलखाना’. अरबींत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. आपला शिलेदार याच शब्दाचा वंशज, आणि मराठी अमदानींतला शिलेखानाही तोच. घरापासून इतक्या दूर आल्यावर असा ओळखीचा शब्द भेटला म्हणजे केवढा आनंद होतो, हें भाषेचा नाद असणारांस सांगावयास नको.

आंत १७९२ च्या युद्धांत तिबेटाकडून घेतलेल्या चामड्याच्या तोफा आहेत. तिसऱ्या नेपोलियननें जंगबहादुर राणा यांस दिलेली तलवार आहे. बहुतेक मंडळी या दोन वस्तूंभोंवतीं जमतात आणि बंदुकांवरून नुसती नजर फिरवून पुढें जातात. आमच्या यात्रेंत सातारा जिल्ह्यांतील एक निवृत्त सुभेदार होते. पलटणींतील शस्त्रें तपासण्यांत व दुरुस्त करण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. ते बंदुकांपुढें जे थबकले ते तासभर हालले नाहींत. मी म्हटलें, “सुभेदारसाहेब, सगळ्या सारख्याच तर दिसतात!” ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पोथ्याही आम्हांला सारख्याच दिसतात.”

हें उत्तर मला फार मार्मिक वाटलें. पोथीचा मूळ पाठ कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हें ठरविण्यांत आमच्या पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारतासाठीं विद्वानांच्या पिढ्या खपल्या. जुन्या बंदुकेची परीक्षा करणाराचें शास्त्र तेंच आहे. फक्त भूर्जपत्राच्या जागीं लोखंड आणि अक्रोडाचें लांकूड.

प्रथम या बंदुका तेथें आल्या कशा तें सांगितलें पाहिजे. १८४६ पासून १९५१ पर्यंत नेपाळची सत्ता राणा घराण्याच्या हातीं होती. १८५७ च्या धामधुमींत जंगबहादुर इंग्रजांच्या साहाय्यास उतरले; आणि १८५९ सालीं नानासाहेब पेशव्यांना आश्रयासाठीं नेपाळच्याच तराईंत शिरावें लागलें, हें स्मरण महाराष्ट्रीय माणसास तेथें टाळतां येत नाहीं. असो. इंग्रजांनीं मित्र म्हणून कांहीं शस्त्रें दिलीं, परंतु हवीं तितकीं कधींच दिलीं नाहींत. आणि बाहेरून आणावयाचीं तर वाट त्यांच्याच मुलुखांतून. तेव्हां राणांनीं घरींच बंदुका घडविण्यास आरंभ केला. नमुना पाश्चात्य, हात नेपाळी. जनरल गहेंद्र शमशेर यांनीं तर मार्टिनी जातीची पण आंतील रचना निराळी अशी एक स्वतंत्र बंदूकच सिद्ध केली. तिला संग्राहक आजही ‘गहेंद्र’ म्हणतात. जुनी झालेली बंदूक मोडींत काढण्याची तेथें रीत नसावी, कारण शहरांतील लगन येथील शिलेखान्यांत शंभर-दीडशें वर्षांचीं शस्त्रें घट्ट झालेल्या वंगणांत व धुळींत एकावर एक रचलेलीं राहिलीं. चकमकीच्या ‘ब्राउन बेस’पासून ब्रन्स्विक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि गहेंद्रपर्यंत सर्व पिढ्या त्यांत होत्या. २००३ सालीं हा सांठा अमेरिकेंतील दोन व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. शेंकडों टन माल समुद्रपार गेला, आणि जगांतील संग्राहकांपुढें एकाएकीं प्रश्न उभा राहिला: यांत अस्सल काय आणि किती मोलाचें?

उदाहरणासाठीं मार्टिनी-हेन्रीच घेऊं. इंग्रजांनीं १८७१ मध्यें ही एकबारी बंदूक स्वीकारली. दस्त्याच्या खालचा दांडा ओढला कीं आंतील ठोकळा पुढील बाजूनें खालीं झुकतो, काडतूस आंत सरतें, आणि दांडा मिटला कीं बंदूक सज्ज. नळींत हेन्रीच्या पद्धतीच्या सात पेचदार खांचा. उजव्या अंगास मुकुट, त्याखालीं व्हिक्टोरिया राणीचीं ‘व्ही. आर.’ हीं अक्षरें, कारखान्याचें नांव, सन आणि प्रकाराचा आंकडा. सुभेदारांचें म्हणणें असें कीं नवशिका हें वाचून थांबतो, आणि जाणता येथून आरंभ करतो. शिक्का स्वच्छ व एकसारख्या दाबाचा आहे कीं अक्षर अक्षर हातानें कोरलेलें आहे? सन आणि राणी यांचा मेळ बसतो काय? राणी १९०१ च्या जानेवारींत वारली. त्यापुढील सनावर ‘व्ही. आर.’ दिसलें तर ती बंदूक इंग्लंडांत जन्मलेली नव्हे, हें शाळकरी मुलालाही कळावें.

अशा बंदुका पेशावर आणि कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल या गांवीं पिढ्यानपिढ्या बनत आल्या. तेथील कारागीर कानस आणि हातभट्टी यांवर इंग्रजी बंदुकेची हुबेहूब प्रतिकृति करीत, आणि इंग्रजी लिपि न जाणतां शिक्काही उतरीत. म्हणून कधीं ‘एन्’ उलटा पडे, कधीं राणी मृत्यूनंतरही राज्य करी. लिपि न जाणणाऱ्या लेखकानें उतरलेल्या पोथ्यांत आम्हीं असलेच चमत्कार पाहिले आहेत. मूळचा हेतु बंदूक वापरण्याचा होता, फसविण्याचा नव्हे. परंतु अफगाणिस्तानांत २००१ नंतर गेलेल्या परकी शिपायांनीं बाजारांतून याच वस्तु जुन्या इंग्रजी म्हणून हौसेनें घेतल्या, आणि तेव्हां मात्र प्रतिकृतीची नक्कल झाली.

शिक्क्यानंतर लांकूड. सुभेदारांनीं बोटानें दाखवून दिलें कीं कारखान्यांतून निघालेल्या दस्त्याचें लांकूड लोखंडाच्या सांध्याशीं केंसभर उंच असतें. तें लोखंडाहून खालीं बसलें असेल तर कोणीतरी पॉलिशकागद फिरविला आहे, आणि त्याबरोबर लांकडावरचे ठसेही गेले. मग धातूच्या कडा: मुळांत त्या धारदार असतात, यंत्राच्या चाकावर घांसल्या कीं साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. आणि नळीवरचा निळसर काळा रंग जर गंजाच्या खड्ड्यांच्या तळापर्यंत पोंचला असेल, तर गंज आधींचा आणि रंग मागाहूनचा. संग्राहक अशी चकचकीत बंदूक बाजूस सारून शेजारची मळकी उचलतो. जुन्या वस्तूची किंमत घासूनपुसून वाढत नसते, हें घरोघरच्या तांब्यापितळेच्या अनुभवावर वाढलेल्या आपल्या मंडळींस पटणें कठीण.

तथापि प्रत्येक बदल हा भ्रष्ट पाठ नव्हे, आणि परीक्षकाची खरी कसोटी येथेंच लागते. १८५७ नंतर इंग्रजांनीं हिंदी शिपायांच्या हातीं पेचदार नळी ठेवण्याचें भय घेतलें. एन्फील्ड बंदुकांतील खांचा खरवडून नळी सपाट केली, म्हणजे गोळी दूरवर नेमकी जाऊं नये. अशी बंदूक पाहून अजाण मनुष्य म्हणेल, नळी झिजली, वस्तु बिघडली. वस्तुतः तो सरकारी हुकूम आहे, आणि तो हुकूम त्या लोखंडांत जसा वाचतां येतो तसा कागदावरही क्वचितच येईल. नेपाळांतील देवनागरी खुणांचेंही तसेंच. इंग्लंडांत बनलेल्या मार्टिनीवर नेपाळी पलटणीनें मागाहून आपलीं अक्षरें व अंक ठोकले. ते मागाहूनचे खरे, पण त्यांवाचून ती बंदूक नेपाळांत कोणाच्या खांद्यावर होती हें कळावयाचें नाहीं.

आणि माझी हळहळ आहे ती याचसाठीं. ही लिपि आपली. ५, ८ आणि ९ यांचें नेपाळी वळण किंचित् निराळें. सन असेल तर तो विक्रम संवत् समजून त्यांतून ५७ वजा करावे, इतकेंच काय तें शिकावें लागतें. परंतु माल लगनहून निघतांना कोणत्या पलटणीची कोणती बंदूक याची यादी होऊन मग तो हालला असता, तर प्रत्येक नगाबरोबर त्याचा वृत्तांत गेला असता. आतां तीं अक्षरें हजारों मैल दूर, तीं न वाचणाऱ्यांच्या घरीं भिंतींवर टांगलेलीं आहेत, आणि एखादा उत्साही यजमान रविवारीं दुपारीं त्यांवर पॉलिशकागद घेऊन बसला असेल.

बाजारभावाचा न्याय आणखी वेगळा. अमेरिकेंत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्यानें पुरातन वस्तु गणली जाते, म्हणून एका वर्षाच्या फरकानें गिऱ्हाईक वाढतें किंवा कमी होतें. इंग्रजी शिक्क्याच्या मार्टिनीस जो दर येतो तो नेपाळी घडणीच्या गहेंद्रेस येत नाहीं. कारण ती हातघडणीची, एकीचा भाग दुसरीस बसत नाहीं, आणि बार काढण्यास ती भरवंशाची नाहीं असें जाणते बजावतात. मला हा न्याय उफराटा वाटतो. कारखान्यांतून लाखांनीं निघालेल्या वस्तूपेक्षां, डोंगरांनीं वेढलेल्या खोऱ्यांत कोणा लोहारानें कानशीनें जुळविलेली, जिच्या अंगावर त्या कानशीचे ओरखडे अजून दिसतात, ती मला अधिक अस्सल वाटते. सुभेदार याला मान देत नाहींत. “गुरुजी, बंदूक ती, जी सुटते,” एवढेंच ते म्हणतात.

ज्यांच्या वाड्यांत पूर्वजांची एखादी जुनी बंदूक माळ्यावर असेल, त्यांनीं ती घांसूं नये. तेलाचा हलका हात पुरे. खुणा वाचावयाच्या असल्या तर त्यांवर खडूची पूड हलकेच चोळावी, अक्षरें आपोआप उठतात. ती कोणी, कोठून, कोणत्या सालीं आणली हें घरांतील वडील मंडळींकडून आजच लिहून घ्यावें. परवान्याची चौकशी १९५९ च्या कायद्याप्रमाणें आधीं करावी. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तु असेल तर ती परदेशच्या आप्तांस भेट म्हणून धाडण्याचा विचारही करूं नये, १९७२ च्या कायद्यानें त्यास मनाई आहे.