डांबराचा डबा

झाडाला जखम झाली तर ती बरी होते का? थांबा, लगेच 'हो' म्हणू नका. मीही तसंच म्हणत होतो आणि परीक्षेत नापास झालो. तेही वयाच्या चौतिसाव्या वर्षी!

मी झाडांची निगा राखायचं काम करतो. शेतकी कॉलेजातून पदवी घेतली आणि एका ठेकेदाराकडे लागलो. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या धोकादायक फांद्या उतरवायच्या, हे आमचं काम. कमरेला दोर, हातात करवत. घरी आई देव पाण्यात घालून बसायची.

2005 च्या मे महिन्यात आमच्याच वाडीतलं काम आलं. अंगणात मोठा गुलमोहर होता. त्याची एक जाडजूड फांदी शेजारच्या आजींच्या कौलांवर टेकली होती. आजी ओट्यावरून ओरडल्या, "अरे, बेताबेतानं काप हो. त्यालाही दुखत असेल!" मी हसलो. फांदी कापली, तीही अगदी खोडालगत, रंधा मारल्यासारखी सपाट. वर डब्यातलं डांबर फासलं. काळं, चकचकीत, मोठ्या ताटाएवढं वर्तुळ! सगळी वाडी म्हणाली, काय सफाईनं काम केलंय पोरानं. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

पुढं अकरा वर्षं मी अशीच वर्तुळं रंगवत फिरलो.

2016 साली एका मित्रानं सांगितलं, झाडांच्या डॉक्टरांसाठीही परीक्षा असते. अशा डॉक्टरला 'अर्बोरिस्ट' म्हणतात. 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अर्बोरिकल्चर' ही अमेरिकेत 1924 साली सुरू झालेली संस्था ही परीक्षा घेते. नुसती पुस्तकं घोकून तिला बसता येत नाही बरं का! आधी तीन वर्षं प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. याच विषयातलं शिक्षण असेल तर थोडी सूट मिळते. माझ्या वेळी 200 प्रश्न होते आणि वेळ साडेतीन तास. माती, मुळं, रोग, झाड ओळखणं, लावणं, छाटणं, दोरावरची सुरक्षितता असं सगळं त्यात. आपल्याकडे झाड छाटायला हा दाखला दाखवावा लागत नाही. पण म्हटलं, अकरा वर्षं फांद्यांवर काढली आहेत, आपल्याला कोण अडवणार?

निकालाच्या कागदावर प्रत्येक विषयाचे गुण वेगवेगळे असतात. मला सगळ्यांत कमी गुण कशात मिळाले असतील? छाटणीत! मग मात्र पुस्तक नीट उघडलं.

अ‍ॅलेक्स शिगो नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होऊन गेले. झाड आतून कसं कुजतं हे बघायला त्यांनी हजारो झाडं यांत्रिक करवतीनं उभी चिरली. त्यांना दिसलं ते असं. तुमचा गुडघा फुटला तर तिथं नवी कातडी येते, जुनी जागा दुरुस्त होते. झाडाला हे जमतच नाही. कुजलेलं लाकूड ते दुरुस्त करत नाही. ते जखमेभोवती आत भिंती उभ्या करतं, कूज कोंडून टाकायला बघतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. ही लढाई जिंकायला झाडाला एक गोष्ट फार उपयोगी पडते. फांदी जिथं खोडातून निघते तिथं बघा, सुजल्यासारखी एक कड दिसेल. शर्टाच्या कॉलरसारखी. तिलाच कॉलर म्हणतात. फांदी कापायची ती या कॉलरच्या बाहेर. आधी खोडापासून थोडं दूर, खालच्या बाजूनं एक काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. मग जरा पुढं वरून दुसरा. आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापानं कॉलरशी. रंग नाही, डांबर नाही. त्यानं कूज थांबत नाही, हेही शिगोंनी दाखवलं होतं.

आणि मी? मी कॉलरच तासून काढली होती.

त्याच संध्याकाळी वाडीत गेलो. डांबराला भेगा पडल्या होत्या आणि खालून अळंब्यांचे तपकिरी कान बाहेर आले होते. लाकडी हातोडीनं खोड ठोकून पाहिलं. ठक्, ठक्... आणि मग ढब्. पोकळ! खाली मुलांचं क्रिकेट चाललं होतं. स्टंप खोडालाच टेकवलेले.

आजी ओट्यावरच होत्या. त्यांना सगळं सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता पाडायचं का रे?"

हाच प्रश्न परीक्षेतही होता, म्हणा ना! पोकळ झाड लगेच पडतंच असं नाही. बाहेरचं निरोगी लाकूड किती जाड उरलंय ते बघायचं. आणि पडलंच तर कुणावर, हेही बघायचं. जंगलातलं पोकळ झाड कुणाच्या डोक्यावर पडणार? म्हणून मी पहिल्यांदा पिच हलवलं! मुलं चिडली, पण विहिरीच्या बाजूला गेली. मग महापालिकेची परवानगी काढली आणि त्या बाजूचा भार हलका केला. या वेळी कॉलर सांभाळून.

2017 साली पुन्हा परीक्षेला बसलो आणि पास झालो. दाखला तीन वर्षांपुरताच असतो. तेवढ्यात 30 गुणांचं नवं शिक्षण घेतलं, तर परीक्षा न देता तो पुढं चालू राहतो.

गुलमोहराला दर जूनला मी हातोडीनं ठोकून बघायचो. 2019 साली कूज खाली बुंध्यापर्यंत उतरलेली आढळली. आता धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केला, मंजुरी आली आणि झाड मीच उतरवलं. दुसऱ्या कुणाला ते काम द्यायला मन होईना.

त्या जखमेजवळची खोडाची एक चकती मी ठेवून घेतली आहे. मधला भाग भुसभुशीत, काळपट. त्याची रुंदी 2005 साली खोड जेवढं होतं, साधारण तेवढीच. त्याच्या बाहेरचं, म्हणजे मी कापल्यानंतर झाडानं चढवलेलं सगळं लाकूड पांढरं, घट्ट. नखही रुतत नाही.

आजींना ती नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बाहेरच्या पांढऱ्या लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चौदा वर्षं एकट्यानं काम करत होता की रे हा."