डब्यांतली बाग

कुंडी हा शब्द ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे रोपवाटिकेतील तांबड्या मातीची कुंडी येत असेल. आमच्या लोणंदच्या घरी मात्र बाग फुलली ती पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांत. तळाला खिळ्याने चार भोके पाडायची, त्यांवर खापऱ्या पसरायच्या, वर पालापाचोळा आणि शेणखत मिसळलेली माती. बाहेरून गेरू, गेरूवर चुन्याने रेखलेले मोर. शेत विकल्यावर आईने रेल्वे स्थानकाजवळच्या दोन खोल्यांपुढे असे अकरा डबे मांडले. सदाफुली, गुलबक्षी, झेंडू, शेवंती. आणि हट्टाने एका डब्यात कांद्याची पात. कांद्याच्या पेठेत राहून पात विकत घेणे तिला कमीपणाचे वाटे.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला. नीरा जवळ असूनही उन्हाळ्यात दारचा नळ रुसे. मग तांदूळ धुतलेले पाणीही डब्यांकडे वळे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून गच्चीवरची शेती शिकवली, तीही पालापाचोळ्याच्याच भरवशावर. आईला ते नाव ठाऊक नव्हते.

आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामी येते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी स्त्रिया तुम्ही पाहिल्या असतीलच. माणसाबरोबर चालणारी बागच ती! त्यांतली एक आमच्या ओट्यावर टेकली. आधी तुळशीला, मग स्वतःला पाणी घेतले आणि सहज विचारले, “रान किती हाय तुमास्नी?”

आई म्हणाली, “अकरा डबं.”