वहीत न लिहिलेले भांडवल

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट २००९ साली तयार झाला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. तो प्रथम पाहिला तेव्हा आमच्या घरातील लहानथोर खळखळून हसले होते. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ नोकरीस आहोत असे सांगावे, ही दादासाहेब फाळके यांची युक्ती आजही घरात आठवली जाते. परवा वलगावी तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि या वेळी माझे लक्ष हिशेबाकडे गेले.

छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडलेल्या फाळके यांनी १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पुढच्याच वर्षी आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले आणि कॅमेरा, तसेच फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून आले. वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून त्यांनी तो नमुना दाखविला, तेव्हा भांडवल मिळू लागले. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. तंत्र नवे, बाजारपेठ अस्तित्वात नाही आणि ग्राहकाने माल कधी पाहिलेला नाही. आजची तरुण मुले ज्याला ‘स्टार्टअप’ म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

सरस्वतीबाईंनी केवळ दागिनेच दिले नाहीत. फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांनीच सांभाळले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ हा मान दादासाहेबांना मिळाला आणि तो योग्यच होता. त्या उद्योगाच्या जमेच्या बाजूला सरस्वतीबाईंचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

आमच्या धाकट्या मुलाच्या आवडीचा चित्रपट निराळा, फेसबुकच्या स्थापनेवरील ‘द सोशल नेटवर्क’. त्यातही प्रश्न भांडवलाचाच आहे. २००४ साली सुरुवातीचे पैसे लावणाऱ्या एदुआर्दो सॅव्हरिनचा हिस्सा पुढे घटविला गेला, प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीनंतर सहसंस्थापक म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले. त्याच्यापाशी कागद होते, म्हणून त्याला दाद मागता आली. घरच्या माणसापाशी कोणता कागद असतो?

हा विचार आज मनात येण्यास कारण आहे. पुण्यातील नोकरी सोडून मुलगा स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढीत आहे. भांडवल कमी पडते, हे कळताच सूनबाईंनी आपले दागिने पुढे केले. “घरचेच सोने आहे, त्याचा हिशेब कसला?” असे यजमान सहज म्हणाले. माझ्याही पाटल्या एका कापसाच्या हंगामात अशाच गेल्या होत्या. दिवाळीपूर्वी त्या सोडवून आणल्या गेल्या, कोणी मला दुखविले नाही. परंतु कीर्दीत त्यांची नोंद नव्हती.

म्हणून मी आग्रह धरला आहे की भागीदारीपत्रात सूनबाईंचे नाव, सोन्याचे वजन, त्या दिवशीचा भाव आणि तिचा हिस्सा स्पष्ट लिहिला जावा. अडत्याशी पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या घरांनी सुनेच्या सोन्याबाबत ढिलाई का दाखवावी? धंदा बुडाला तर तोटा सर्वांनी सोसावा. चालला तर तो कोणाच्या बळावर उभा राहिला, हे नातवंडांना वही उघडून वाचता यावे. यजमानांनी दोन दिवस विचार केला, मग मुनीमजींना मसुदा पुन्हा लिहावयास सांगितले.