आधी काय ऐकू यावं

फॉर्ममध्ये चूक झाली की लाल चौकट काढायची, हे अॅपचे पडदे रचण्याच्या आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर फोन ऐकणाऱ्याला त्या क्षणी आधी काय ऐकू यावं, यावर मात्र मी वर्षभर अडून बसलोय. १९५२ पासून अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’च्या वरळी सी फेसवरच्या इमारतीवरून रोज जाऊनही मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पाडला माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीने. तिला दिसत नाही.

ती फोन कानाशी धरते. आवाजाचा वेग असा, की मला एक शब्द पकडता येत नाही. तिने ‘पुढे’ दाबलं, फोन गप्प. ‘‘सर, झालं का?’’ पडद्यावर लाल रंगाचा नुसता सडा पडला होता.

चुकलेल्या रकान्यावर थेट न्यावं, तर एकूण चुका किती ते कळत नाही. सगळ्या वाचून दाखवाव्यात, तर पाच गोष्टी ध्यानात कोण ठेवणार? टाइप करतानाच टोकावं, तर पिनकोडचा तिसरा आकडा दाबेपर्यंत ‘पिनकोड सहा अंकी हवा’ म्हणून फोन खेकसतो. सध्या आधी चुकांची संख्या, मग पहिला रकाना असं ठेवलंय. तेही पुरेना. ती पहिले दोन शब्द ऐकते आणि बोट पुढे सरकवते. आमची वाक्यं ‘कृपया आपला’ने सुरू होणारी. आता वाक्यात रकान्याचं नाव आधी, नम्रपणा रद्द.

हे अडणं तिच्या एकटीचं नाही. अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना ई-केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावून दाखवणं जमेना, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हापासून गिऱ्हाइकं धावत येतात, पण त्यांना हवं असतं कोपऱ्यातलं ते निळं बटण: अक्षर मोठं करा, रंग बदला, झालं काम. ते विकणाऱ्यांचा मला राग येतो. थोडा हेवाही, त्यांची बिलं वेळेवर निघतात.

खरं सांगू? मला अजून फिकट करड्या, बारीक अक्षरांचाच मोह आहे. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, हे दुसऱ्यांना सुनावतो आणि चाळिशी लागल्यावरही ते जुने फिके पडदेच पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर ठेवतो. ऐकण्याच्या क्रमाचं चित्र काढता येत नाही, त्याला बक्षीसही कुणी देत नाही. नवा फॉर्म भरून ती ‘‘बरंय’’ एवढंच म्हणाली, तर मी दुपारभर फुगून होतो.

तिने लगेच पुढचं काढलं: ओटीपीचे सेकंद. फोन दर सेकंदाला बोलला तर आकडे टाकता येत नाहीत, गप्प राहिला तर वेळ संपल्याचं कळत नाही. मी म्हणतो, दहा सेकंद उरले की एकदाच सांगावं. तिच्या मते तोवर उशीर झालेला असतो. तीस करून बघतोय.