यंत्राचे चावडीवाचन

रिसोड, जि. वाशीम
श्रावण, 2025

तीर्थस्वरूप काकांस,


आपले पत्र पोचले. नातवाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना, यंत्रच जर आज्ञावल्या लिहू लागले असेल तर पोराने ही विद्या शिकावी तरी कशाला, असा जो रोखठोक सवाल आपण केला आहे, त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे मला सहज शक्य होते; परंतु महसूल खात्यात सारी हयात घालवून ज्यांनी कधी तोंडी जबाबावर कोणाचा फेरफार मंजूर केला नाही, त्यांना लेखी जबाब देणेच उचित, असे मनाशी ठरवून हे चार कागद खर्ची घालीत आहे.

काळाची गंमत अशी, की रिसोड-मालेगावच्या शिवारात मोजणीच्या खुणा आणि पिकांच्या नोंदी तपासण्यात ज्यांची उभी नोकरी गेली ते आपण आज वाकडच्या सातव्या मजल्यावरून हिंजवडीकडे सरकणारी मोटारींची रांग न्याहाळता, आणि ज्याने उमेदीची वर्षे त्या रांगेत घालवली तो मी, 2020 च्या टाळेबंदीत म्हणून घरी आलो तो इथलाच होऊन, आपल्या ओसरीवर लॅपटॉप मांडून अमेरिकेतील एका विमा कंपनीची आज्ञावली सांभाळीत बसलो आहे. संध्याकाळी तिकडे उजाडते तेव्हा आमच्या बैठका सुरू होतात, आणि गाव निजल्यावर संपतात. दिवसा मात्र दाराशी माणसांची वर्दळ असते. आपण तलाठी असताना गाव नमुना बाराची जी नोंद स्वहस्ते करीत होता, ती 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीकपाहणीच्या रूपाने खातेदाराच्याच गळ्यात आली. त्याने वावरात उभे राहून सोयाबीनचे छायाचित्र काढावे आणि मोबाइलमधून सरकारदरबारी रुजू करावे, अशी योजना. शेवटच्या मुदतीच्या सुमारास सर्व्हर जागचा हलेनासा झाला, की "तू त कम्प्युटरवाला हायेस ना!" म्हणून सगळ्यांचे बोट माझ्याकडे. ती आज्ञावली मी लिहिलेली नाही, हे सांगून उपयोग नसतो.

आता मुद्द्याचे. प्रथम यंत्राची तारीफ करतो, कारण तिच्यात कसूर केल्यास पुढील तक्रारीस वजन राहणार नाही. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले, आणि त्याच्या थोडे आधीपासूनच आज्ञावली लिहिण्यात हात देणारी गिटहब कोपायलटसारखी साधने आमच्या धंद्यात शिरली होती. जगभरच्या कारागिरांनी खुल्या ठेवलेल्या असंख्य आज्ञावल्या आणि अफाट मजकूर पचवून, अमुक शब्दापुढे तमुक येणे संभवनीय आहे याचा हिशेब मांडीत हे यंत्र लिहीत जाते. ज्यांचे लेखन त्याने पचवले त्यांची संमती कोणी विचारली नाही, हा भाग वेगळा. परंतु पूर्वी दोन-तीन दिवस खाणारे काम आज दुपारच्या जेवणाआधी उरकते, एखाद्या अपरिचित भाषेतील जुनाट आज्ञावलीचा अर्थ ते मला समजावून सांगते, आणि मध्यरात्री विचारलेल्या मूढ प्रश्नालाही कंटाळत नाही. हे सारे मी रोज अनुभवतो. याला थोतांड म्हणणारे लोक त्याच्याबरोबर पुरता आठवडाभरही बसलेले नसावेत.

थोतांड असेल तर ते त्याभोवती चाललेल्या दवंडीत आहे. या यंत्रांना लागणाऱ्या चिपा विकणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे बाजारमूल्य 2025 च्या जुलैत चार लाख कोटी डॉलरांवर गेले. एवढा पैसा ज्यांनी गुंतवला त्यांना, यंत्र माणसाला मदत करते एवढे सांगून भागत नाही, ते माणसाची जागा घेते असेच सांगावे लागते, कारण परतावा मदतीतून मिळत नाही, पगारपत्रक कमी केल्याने मिळतो. (जाता जाता : ऐरोलीच्या डेटा सेंटरांना विजेचा क्षणभरही खंड चालत नाही, आणि आपल्याकडे कृषिपंपाची वीज रात्रपाळीने आली म्हणून विंचूकाट्यात हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारा माणूस मी ओसरीवरून पाहतो. दोहोंचा संबंध लावणे तर्कशास्त्रास धरून नाही, हे मला कळते. लावल्यावाचून राहवत नाही.)

परंतु माझा खरा आक्षेप याहून निराळा आहे, आणि तो आपल्याइतका दुसऱ्या कोणाला चटकन समजेल असे वाटत नाही. 2017 च्या उन्हाळ्यात शासनाने सातबाराच्या चावडीवाचनाची मोहीम काढली होती. हस्तलिखित दप्तर संगणकात चढवताना कोठे क्षेत्राचे दशांशचिन्ह सरकले होते, कोठे पोटहिस्सा गळाला होता, कोठे बापूरावांचे बाबूराव झाले होते. म्हणून छापील उतारे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवावेत आणि हरकती घ्याव्यात, असा हुकूम होता. मी सुटीवर आलो होतो आणि हौसेने आपल्याबरोबर एका गावी आलो होतो. मारुतीच्या पारावर बसून आपण एकेक गट नंबर वाचीत गेलात, आणि एक निरक्षर म्हातारी उठून म्हणाली, "माह्यं वावर कुठी गेलं?" गट वाचला गेला होता, क्षेत्र बरोबर होते, आकारही बरोबर होता, नाव मात्र तिच्या मयत नवऱ्याचे होते. आपण जुने हस्तलिखित पान मागवून घेतलेत. त्यावर मयताच्या नावाला कंस होता, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक होता, आणि खाली बारीक अक्षरांत वारस म्हणून तिचे नाव होते. टंकलेखकाने वरचे नाव काना-मात्रेसह अचूक उतरवले होते, पण कंसाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. आपल्याला तो एका दृष्टिक्षेपात उमगला, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका जुन्या पटवाऱ्याच्या हाताखाली आपण असली शेकडो पाने रात्री जागून नकलून काढली होती. ते काम किती रटाळ होते आणि त्यापायी पटवाऱ्याच्या किती शिव्या खाव्या लागल्या, हे आपण मला नंतर घरी येताना सांगितलेत.

हुबेहूब तोच प्रकार आमच्याकडे नुकताच घडला. ज्या विमा कंपनीचे काम मी पाहतो, तिच्याकडे काही नोंदी विलायतेहून येतात. तिकडे तारीख आपल्याप्रमाणे आधी दिवस मग महिना अशी लिहितात, अमेरिकेत आधी महिना मग दिवस. यंत्राकडून लिहून घेतलेल्या आज्ञावलीने तीन एप्रिलला चार मार्च करून टाकले. आता अशी चूक पकडण्यासाठीच चाचण्या असतात. पण चाचण्याही त्याच यंत्राकडून लिहून घेतल्या होत्या, त्यामुळे जो गैरसमज आज्ञावलीत तोच चाचणीत, आणि पडद्यावर सगळे दिवे हिरवे. आमच्या चमूतील एका ज्येष्ठ सहकारिणीने नमुन्यांच्या यादीवरून केवळ नजर फिरवली आणि विचारले, "यात बाराव्या तारखेनंतरची एकही तारीख कशी नाही?" कारण तेरावा महिना अस्तित्वात नसल्याने तेरा तारखेपासून पुढे ही चूक आपोआप उघडी पडते, बारापर्यंत ती निमूट खपून जाते. ज्या तरुण मुलाने ते काम सादर केले होते तो हुशार आहे, त्या वयातील माझ्यापेक्षा कितीतरी अधिक हुशार आहे; परंतु तारखांचा गोंधळ निस्तरण्यात त्याची एकही रात्र गेलेली नाही, आणि या बाईंची पहिली काही वर्षे दुसरे काही करण्यात गेलीच नव्हती. अशी जाणती माणसे कशी तयार होतात, हे आमच्या धंद्यातले वरिष्ठ विसरले आहेत, किंवा विसरणे त्यांना सोयीचे झाले आहे. अनुभवी माणूस अधिक यंत्र, एवढ्या जोडीवर काम निभते असे पाहून नवशिक्याची जागाच रद्द करायची, आणि दहा-पंधरा वर्षांनी यंत्राचे चावडीवाचन करणारे अनुभवी कोठून आणायचे याचा विचार पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सरकवायचा, असा हा कारभार आहे.

आकडे पाहावेत. टाटा कन्सल्टन्सीने 2021-22 या वर्षात सुमारे एक लाख नवे पदवीधर घेतले, 2024-25 मध्ये सुमारे 42 हजार. इन्फोसिसने 2021-22 मध्ये 85 हजार, आणि 2023-24 मध्ये 11,900. याचे सारे खापर यंत्रावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल, कारण टाळेबंदीत फुगलेली परदेशची मागणी ओसरली हे मोठे कारण होते आणि ही घसरण यंत्र रुळण्याआधीच सुरू झाली होती. 2025 च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सीने बारा हजारांवर, म्हणजे सुमारे दोन टक्के लोक कमी करण्याचे जाहीर केले. ते बहुतांशी मधल्या आणि वरच्या फळीतले, आणि त्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे कारण असल्याचा खुलासा खुद्द कंपनीच्या प्रमुखांनी केला. खुलासा खरा मानू. तरी मंदीत बंद झालेला दरवाजा तेजीत पुन्हा उघडत असे. यावेळी तो उघडू नये यासाठी सबब हाताशी आली आहे, एवढे नक्की.

आणि हा दरवाजा बंद झाल्याने कोणाचे नुकसान होते? मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत इंग्रजी आणि ओळखीपाळखी जन्मजात असतात, तेथील मुले दुसऱ्या वाटेने आत येतील. आपण लहानपणी आम्हाला विजय भटकरांचे उदाहरण देत होता : आपल्या जुन्या अकोला जिल्ह्यातील, मूर्तिजापूर तालुक्याच्या मुरंबा गावी जन्मलेला माणूस, आणि अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 उभा केला. उदाहरण उत्तम होते. पण भटकर होणे आम्हा सामान्यांच्या आवाक्यातले नव्हते. आम्हाला आत घेतले ते परम संगणकाने नव्हे, तर परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या आज्ञावल्या झाडण्या-पुसण्याच्या, चाचण्या घेण्याच्या, रात्रपाळीला तक्रारी नोंदवण्याच्या अगदी सामान्य कामाने. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, आणि वीस वर्षांनी केंद्राने मागास म्हणून, सभ्य भाषेत 'आकांक्षित' म्हणून, यादीत घातलेला हा कोरडवाहू जिल्हा. येथील सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नावर शिकलेल्या मुलांना ती उमेदवारी म्हणजे एकमेव पायरी होती. नवशिक्याचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास दशकाहून अधिक काळ खिळून राहिला, हे मला ठाऊक आहे. तरी त्या पगारावर गावोगाव कर्जे फिटली, बहिणींची लग्ने झाली आणि धाकट्यांच्या फिया भरल्या गेल्या. जे काम यंत्राने सर्वात आधी उचलले, ते नेमके हेच.

कामाच्या तासांविषयी आपण विचारले आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा उपदेश केला, 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो नव्वदांवर नेला. ज्या वर्षांत यंत्राने आमचे निम्मे श्रम वाचवल्याची ग्वाही दिली जाते, त्याच वर्षांत हा उपदेश व्हावा, यातच वाचलेले तास कोणाच्या खाती जमा झाले याचा उलगडा आहे. माझ्या वाट्याला वाढीव उद्दिष्ट आले.

तर नातवाविषयी. त्याला संगणकशास्त्रात खुशाल जाऊ द्यावे. मात्र नावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' आहे एवढ्यावरून शाखा निवडू नये. अशा पाट्या गेल्या चार-पाच वर्षांत जागोजाग लागल्या आहेत आणि पाटीमागे शिकवणारे कोण आहे हे कोणी पाहत नाही. गणित, संगणकाची मूळ रचना आणि माहितीसाठ्याचे शास्त्र जेथे नीट शिकवले जाते, तेथील साधी शाखा बरी. पहिली दोन वर्षे गृहपाठ त्याने यंत्राविना करावा, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचून प्रत्येक कंसाचा अर्थ वहीत लिहावा. कंटाळेल, चिडेल, आपणही पटवाऱ्यावर चिडत होता.

एवढ्याने भागणार नाही, कारण शिकून तयार झालेल्या मुलाला जागा हवी, आणि ती देणे त्याच्या हाती नाही. म्हणून शेवटची विनंती आपल्याला नसून आपल्या मार्फत नातवाच्या वडिलांना, म्हणजे दादाला, आहे. त्याच्या विभागात पुढील वर्षी नवशिक्यांची भरती शून्य धरली आहे, असे त्यानेच मला मागे बोलता बोलता सांगितले होते. पोराच्या प्रवेशाची चिंता करणाऱ्या बापाने त्या कागदावर सही करण्याआधी, निदान दोन जागा उमेदवारांसाठी राखाव्यात, त्यांना तपासण्या-दुरुस्त्यांचे काम द्यावे, आणि त्यांच्या शिकण्यात जो वेळ जाईल तो तोटा म्हणून मांडू नये. माझे तो ऐकणार नाही. आपण वडीलकीच्या नात्याने सांगावे, आणि काय म्हणाला ते मला लेखी कळवावे.

काकूंस साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला आज्ञाधारक
पुतण्या