दुसरी मोजणी

मकई दरवाजासमोरचा खाम नदीवरचा दगडी पूल ओलांडताना माझी गाडी आपोआप हळू होते. बैलगाड्यांच्या काळातल्या कमानींनी पुढे ट्रक-बसही सोसले. आतून त्या किती दमल्या आहेत, हे नुसतं बघून कळत नाही. मराठवाड्यातले असे जुने पूल लेझर स्कॅनरने मोजणं हे माझं काम.

तिपाईवरचं यंत्र स्वतःभोवती फिरत सेकंदाला लाखो बिंदू टिपतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. किरण परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. पडद्यावर पूल उभा राहतो, दगडादगडासह, चुन्याच्या सांध्यांसह. आपला काळा बेसाल्ट ओला असला की किरण गिळतो, म्हणून उघडीप मिळाली तरी दगड सुकेपर्यंत थांबावं लागतं.

हे चित्र पाहून लोक हरखतात आणि त्यालाच ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे पुलाचं डिजिटल जुळं, म्हणू लागतात. मला ते पटत नाही. पॅरिसच्या नोत्र दामचं अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये केलेलं स्कॅनिंग २०१९ च्या आगीनंतर अनमोल ठरलं, कारण तिथे पूर्वीचं रूप हवं होतं. वापरातल्या पुलाचं जुळं मात्र त्याच्यासोबत वाढावं लागतं. त्याचा जन्म दुसऱ्या मोजणीत होतो.

आणि दुसरी मोजणीच फसवते. एका पुलाची पावसाळ्याआधीची आणि नंतरची मोजणी आम्ही एकमेकांवर ठेवली, तर एक खांब ९ मिलिमीटर सरकलेला दिसला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला: खांब जागेवरच होता, हलला होता आमचा संदर्भबिंदू. तो मी शेताच्या कडेला, काळ्या मातीत रोवला होता. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याने मला ते सांगितलं असतं. तापमानाचंही तसंच. काँक्रीटचा ३० मीटरचा गर्डर २० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. म्हणून एप्रिलची तुलना एप्रिलशीच, आणि शक्यतो पहाटेच्या वेळी.

लेझरला कातडी दिसते, पाण्याखालचं काही दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि त्यांतली माणसं घेऊन गेला. पुरात पुलाचा घात बहुधा खालून होतो. पाणी पायाभोवतीचा गाळ खरवडत नेतं आणि वर सगळं ठणठणीत दिसत राहतं. म्हणून आमच्या मोजणीला सोनारची, खांबाचा कल सांगणाऱ्या सेन्सरची आणि पाणीपातळीच्या नोंदीची जोड हवीच. ती नसेल तर मी त्या प्रतिकृतीला जुळं म्हणणार नाही.

जायकवाडीच्या बांधावर उभा राहिलो की हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. सुमारे १० किलोमीटर मातीचा बांध, २७ दरवाजे, एका हंगामात चढणारं आणि उतरणारं पाणी. बांध कुठे खचला, हे लेझर सांगेल. त्याच्या पोटातल्या पाझराचा दाब पिझोमीटरच सांगणार. दोन्ही आकडे एकाच तारखेचे, एकाच पडद्यावर हवेत.

खांब सरकल्याचा भास झालेल्या त्या पुलापाशी आता माझा संदर्भबिंदू उघड्या कातळात ठोकलेला आहे, भोवती लाल रंगाचं वर्तुळ. दर एप्रिलमध्ये तिपाई लावण्याआधी मी तोच पहिल्यांदा तपासतो.