एक पेण द्या

अण्णा पडले ते जुलै २०१९ मध्ये, मोरीत. आईला आधी वाटलं बादली कलंडली. ७८ वर्षांचा माणूस, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मानेपाशी तुटला होता. या वयात तो जुळून यायची वाट बघत नाहीत, काढून धातूचा बसवतात. दोन दिवसांत ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, पनवेल डेपोला. त्यांची गाडी बहुतेक पेणची. गर्दीत हातातला तिकिटाचा चिमटा दांड्यावर टकटक वाजवत ते पुढे सरकायचे, आणि तो आवाज ऐकून माणसं आपोआप सुट्टे पैसे काढायची. १९९९ साली रिटायर झाले त्या दिवशी ट्रे, चिमटा, चामडी बॅग सगळं डेपोत जमा करून घरी आले आणि बराच वेळ खांदा चोळत बसले. पट्ट्याचा वळ तिथे कायमचा होता.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री मला टकटक ऐकू आली. अण्णांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. तो कॉटच्या कठड्यावर आपटत ते म्हणत होते, "पुढे सरका, पुढे सरका. दारात उभं राहू नका." मी म्हटलं, "अण्णा, हॉस्पिटल आहे हे." ते चिडले. सलाईनची नळी ओढायला लागले. मी जितकं समजावत होतो तितके ते उठू बघत होते. शेवटी सिस्टर आणि ब्रदर दोघे धावत आले.

सकाळी डॉक्टर म्हणाले, याला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर होतो, वेड नव्हे. भूल, वेदना, औषधं, कमी झालेलं सोडियम, रात्रभर जळणारे दिवे, तुटलेली झोप, कशानेही. बहुतेकदा उतरतो. वाद घालू नका, ओळखीचं एकच माणूस जवळ ठेवा, घड्याळ दिसेल असं ठेवा. मग त्यांनी विचारलं, "यांना चष्मा नाही का?" चष्मा माझ्या बॅगेत होता. हरवू नये म्हणून मीच तीन दिवसांपूर्वी काढून ठेवला होता. कानाचं यंत्रही त्याच डबीत. तीन दिवस माझे वडील धूसर, मुक्या जगात पडून होते आणि मी त्यांच्या उशाशी बसून होतो. हे मला अजून सहन होत नाही.

त्या रात्री पुन्हा टकटक सुरू झाली. या वेळी मी उठलो, कॉटजवळ उभा राहिलो आणि म्हटलं, "एक पेण द्या."

अण्णांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत, पण अनोळखीपणाही नव्हता. उतारूकडे बघतात तसं पाहिलं.

"सुट्टे आहेत का?"

मी खिशातलं दहाचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. अंगठा त्याच्या कडेवरून एकदा फिरला. "बसा. खिडकीकडे बसा." मग हळूहळू, झोपेत उतरत, ते नावं घेत गेले: पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, तारा, खारपाडा. पेण आलंच नाही. नाणं मुठीत तसंच राहिलं.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. सकाळी नऊला "आज घरी जायचं" म्हणून सांगितलं, आणि निघायला संध्याकाळचे सहा वाजले. फाईल खाली गेली, वर आली, विम्याच्या मंजुरीसाठी अडकली. तेवढा वेळ मी बिलाच्या खिडकीपाशी उभा. औषधांच्या वेळा कागदावर मिळाल्या. माणसाला हात कुठे लावायचा, ते त्या कागदावर नव्हतं आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

आमचं घर वडाळे तलावाजवळच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आळीतल्या चार पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून अण्णांना वर आणलं. रात्री अकराला चादर ओली झाली. तेव्हा मला कळलं, वडिलांना मी आजवर फक्त दसऱ्याला पाया पडतानाच स्पर्श केलेला आहे. मी बगलेत हात घालून ओढलं. ते किंचाळले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

घरी आल्यावर आठव्या दिवशी माकडहाडापाशी लाल डाग दिसला. शेजारच्या इमारतीत फिजिओथेरपिस्ट मुलगी राहते, ती आली. तिने बोटाने डाग दाबला. दाबल्यावर पांढरा होतो तोवर चिंता कमी, म्हणाली. तसाच लाल राहिला तर आतून जखम सुरू झाली. मग तिने दाखवलं: गुडघा किंचित वाकवायचा, दोन पायांच्या मध्ये जाड उशी, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, "आजोबा, मी तीन म्हणेन," आणि ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. चार मिनिटं लागली तिला शिकवायला. अण्णा हूं की चूं करत नव्हते. मी मात्र पहिल्या रात्रीची ती किंचाळी आठवून रडलो.

दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून आईने वही केली. वेळ आणि पुढे एक शब्द: डावी, उजवी, उताणं. भ्रम उतरला तेव्हा अण्णांनी ती वही मागून घेतली. जन्मभर वेबिल लिहिलेला माणूस. एकेक ओळ बोट ठेवून वाचली, एका रात्रीची दोनची नोंद राहिली होती ती दाखवली. आईने तीही भरली.

डाग गेला. दसऱ्याला अण्णा वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत चालले आणि तलावाकडे बघत उभे राहिले. आयुष्य उभ्याने काढलेल्या माणसाचं ते उभं राहणं होतं. जानेवारीत छातीत कफ भरला आणि ते पुन्हा अंथरुणाला खिळले. हॉस्पिटलला नको म्हणाले. वहीतली शेवटची नोंद पहाटे चारची आहे: उजवी. सहाला कूस बदलायला गेलो तेव्हा ते गेलेले होते. पाठीवर एकही जखम नव्हती.

तुमच्या घरातलं माणूस दवाखान्यातून सुटेल त्या दिवशी बिलाच्या खिडकीवर दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. तुम्ही वॉर्डात थांबा आणि ब्रदर किंवा सिस्टरसमोर, स्वतःच्या हातांनी, एकदा कूस बदलून बघा. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असू द्या. आणि खुब्याचं ऑपरेशन असेल तर पायांमधली उशी विसरू नका.